रिकाम्या जागेचे व्याकरण

व्यापारी आणि कार्यालयीन पत्रव्यवहारात जो मजकूर एकदाच लिहून ठेवला जातो आणि पुढे संगणक त्यात नाव, तारीख, रक्कम भरून तो हजारो लोकांना पाठवतो, त्याला आजच्या कार्यालयांत ‘टेम्प्लेट’ म्हणतात. जुन्या कचेऱ्यांत त्यालाच नमुना किंवा छापील मसुदा म्हणत. नमुन्याचे घटक मोजकेच असतात. जो मजकूर कोणाच्याही पत्रात बदलत नाही तो स्थिर भाग; प्रत्येकाची वेगळी माहिती जेथे येऊन बसते ती रिकामी जागा, जिला संगणकाच्या परिभाषेत चल म्हणतात; एखादे वाक्य विशिष्ट परिस्थितीतच छापावे असे सांगणारी अट; आणि हप्त्यांची किंवा वारसांची यादी असेल तेव्हा तीच ओळ पुन्हा पुन्हा उमटवणारी आवृत्ती. एवढ्या चौकटीत तांत्रिक गुंता फारसा नाही, म्हणून नमुना लिहिणे हे कारकुनी काम समजले जाते आणि प्रणालीची बाकी सगळी रचना झाल्यावर उरलेल्या वेळात उरकले जाते. वस्तुतः ज्यांना कधी पाहिलेले नाही, ज्यांचे वय, नाते, अडचण, हक्क यांतले काही ठाऊक नाही, अशा असंख्य माणसांना एकाच वाक्यात उद्देशून लिहिणे हा लेखनाच्या अवघड प्रकारांपैकी एक आहे. आणि मराठीत तो अधिकच अवघड होतो, कारण मराठी वाक्यात येऊन बसणारा शब्द स्वतः बदलतो आणि शेजारच्या शब्दांनाही बदलायला लावतो.

या लेखनाचा विचार नवी मुंबईच्या संदर्भात करणे सयुक्तिक ठरते, कारण हे शहर मोठ्या प्रमाणावर पत्रांतून वसलेले आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडको या शहर वसवणाऱ्या शासकीय महामंडळाची स्थापना झाली, ठाणे आणि रायगड या आजच्या दोन जिल्ह्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवे शहर आखले गेले, आणि तेव्हापासून येथे घर घेणाऱ्या असंख्य कुटुंबांचे शहराशी नाते एका पत्राने सुरू झाले. सोडतीत नाव निघाल्यावर येते ते इरादापत्र, म्हणजे घर देण्याचा हेतू व्यक्त करणारे, पण अद्याप मालकी न देणारे पत्र. कागदपत्रांची छाननी झाल्यावर वाटपपत्र. मग हप्त्यांची पत्रे, आणि शेवटी ताबा. २०१८ साली जाहीर झालेल्या एकाच योजनेत तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी येथील १४,८३८ घरे होती. एवढ्या अर्जदारांना पाठवायचे पत्र नमुन्यावाचून तयार होऊ शकत नाही, हे उघड आहे. आणि नमुन्यातले एखादे संदिग्ध वाक्य तितक्याच घरांत एकाच दिवशी वाचले जाते, हेही तितकेच उघड आहे. याच शहरात महापे येथील मिलेनियम बिझनेस पार्क, वाशी रेल्वे स्थानकावर उभे राहिलेले इन्फोटेक पार्क आणि ऐरोलीतील माहिती तंत्रज्ञानाची संकुले आहेत, रबाळे-महापेच्या पट्ट्यात मोठी डेटा सेंटरे आहेत. तेव्हा सातारा किंवा परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात पोहोचणारे विम्याचे वा कर्जाचे पत्र ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एखाद्या इमारतीतील यंत्रावर जुळवले गेलेले असणे अगदी शक्य आहे.

नवी मुंबईतल्या पत्रांमध्ये सर्वांत जड पत्रे साडेबारा टक्के योजनेची. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी शहरासाठी संपादित झाल्या त्यांना विकसित भूखंडाच्या रूपाने काही वाटा परत मिळावा, अशी ही योजना, आणि तिच्यामागे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेले १९८४ सालचे आंदोलन आहे, ज्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. अशा योजनेचे पत्र ज्याच्या नावाने निघते तो एकटा क्वचितच असतो. सातबाऱ्यावर भाऊ, बहिणी, पुतणे, भावजया अशी वारसांची नावे चढत गेलेली असतात. अशा ठिकाणी आवृत्तीची सोय न वापरता पहिले नाव छापून पुढे ‘व इतर’ लिहिणारा नमुना कागदावर चार ओळी वाचवतो. परंतु त्या ‘इतरां’त बहुधा सासरी गेलेल्या बहिणी असतात, ज्यांचे नाव पत्रावर आले नाही तर हक्काची चर्चा घरात त्यांच्यापर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते. नाव पूर्ण छापायचे की ‘इतर’ म्हणून गुंडाळायचे, हा निर्णय घेणारा मसुदाकार मांडणीचा प्रश्न सोडवतो आहे असे समजतो, आणि न कळत वारसाहक्काच्या एका जुन्या भांडणात एक बाजू घेऊन बसतो.

पत्ता हा नमुन्याचा सर्वांत साधा भाग वाटतो. नवी मुंबईचा पत्ता तर आखीव आहे : सेक्टर, भूखंड क्रमांक, इमारत, उपनगर. पण येथे सेक्टरांची मोजणी प्रत्येक उपनगरात नव्याने सुरू होते, त्यामुळे सेक्टर १० वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे आणि खारघरमध्येही आहे. पत्त्याच्या अर्जात उपनगराचा रकाना ऐच्छिक ठेवला आणि ‘नवी मुंबई’ हे शब्द स्थिर भागात टाकले, की पत्र चुकीच्या सेक्टर १० मध्ये जाण्याची सोय झालीच. ‘जिल्हा ठाणे’ ही ओळ स्थिर ठेवणारा नमुना वाशीला चालतो आणि खारघरला चुकतो, कारण खारघर रायगड जिल्ह्यात आहे. ‘नवी मुंबई महानगरपालिका’ ही ओळही तेथे चुकते, कारण १९९२ पासून अस्तित्वात असलेल्या त्या महापालिकेच्या हद्दीत खारघर नाही आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाल्यावर ते तिच्याकडे गेले. नेरूळ आणि नेरळ यांत एका उकाराचे अंतर आहे, पण एक नवी मुंबईत आणि दुसरे माथेरानच्या पायथ्याशी. आणि बेलापूर नावाचे गाव श्रीरामपूर तालुक्यातही आहे. नावांच्या या गोंधळावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात काव्ये-नाटके लिहिणारे मराठी गृहस्थ होते, ही गोष्ट या विषयात विशेष आठवण्याजोगी आहे : नावांच्या अर्थच्छटा आयुष्यभर जपणाऱ्या माणसाने ओळखले, की जेथे नाव पुरेसे नाही तेथे सहा अंकी संख्या अधिक विश्वासू असते. पत्त्याच्या नमुन्यात पिन कोड सर्वांत आधी विचारावा आणि उपनगर, तालुका, जिल्हा त्यावरून ठरवावे, हे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. ते ज्या प्रणालींत होत नाही तेथे कारण बहुधा एवढेच असते, की नमुना लिहिणाऱ्याने आपल्याच घराचा पत्ता घालून तो तपासलेला असतो.

काय स्थिर आणि काय चल, हे ठरवणे म्हणजे भविष्यात काय बदलणार नाही याबद्दल एक विधान करणे होय. महाराष्ट्रातल्या अर्जांत नावाचे तीन भाग कित्येक पिढ्या गृहीत धरले गेले : स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय दस्तऐवजांत आईचे नावही अनिवार्य करण्याचा निर्णय घेतला, आणि मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा चार भागांचा क्रम आला. सामाजिक दृष्टीने हा निर्णय किती उशिरा झाला यावर बोलता येईल. नमुन्याच्या दृष्टीने त्याने दाखवून दिले, की ज्या चौकटीत वडिलांच्या नावाला जागा होती आणि आईच्या नावाला नव्हती, ती चौकट कधीच तटस्थ नव्हती.

आता मूळ अडचणीकडे यायचे. या नमुन्यांची तंत्रे प्रामुख्याने इंग्रजीच्या आधाराने घडली, आणि इंग्रजीत नाव वाक्यात जसेच्या तसे बसते. त्याच्या आधी एक छोटा शब्द आला की काम होते. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते, म्हणजे शब्दाचा शेवट, आणि कधी कधी मधला स्वरही, बदलतो. ‘वाशी’ला प्रत्यय लावून ‘वाशीत’ होते, पण ‘बेलापूर’चे ‘बेलापुरात’ होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, ‘तुर्भे’चे ‘तुर्भ्यात’, ‘कोपरखैरणे’चे ‘कोपरखैरण्यात’, आणि ‘पनवेल’ला मात्र ‘पनवेलमध्ये’ म्हणणेच कानाला बरे लागते. रिकाम्या जागेपुढे ‘त’ हे अक्षर चिकटवून ठेवणारा नमुना यांतले एकच नाव नीट छापतो. लिंगाचे तसेच : आपला अर्ज मिळाला, आपली तक्रार मिळाली, आपले निवेदन मिळाले. एका नामाच्या जागी दुसरे आले, की आधीचे सर्वनाम आणि नंतरचे क्रियापद दोन्ही हलतात. एक हप्ता थकीत ‘आहे’, तीन हप्ते थकीत ‘आहेत’. रक्कम अक्षरी लिहायची तर एक ते शंभर यांतल्या जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र शब्द आहे. एकोणपन्नास हा शब्द चाळीस आणि नऊ यांची बेरीज करून मिळत नाही, त्यामुळे संपूर्ण कोष्टकच यंत्राला द्यावे लागते, आणि आकड्यांत स्वल्पविराम हजारानंतर लाखावर पडला पाहिजे, हे वेगळे सांगावे लागते.

या अडचणीपुढे बहुतेक प्रणालींनी हार पत्करली आहे. परिणामी जी मराठी पत्रे येतात ती पत्रे नसून तक्ते असतात : नाव, अपूर्णविराम, नाव, रक्कम, अपूर्णविराम, आकडा, दिनांक, अपूर्णविराम, तारीख. वाक्य मोडून त्याचे सुटे भाग एकाखाली एक ठेवले, की प्रत्यय लावायचा प्रश्नच उरत नाही. पण त्याबरोबर कोणी कोणाला काय सांगितले आणि आता कोणी काय करायचे, हेही हरवते, कारण ते वाक्यातच असते. म्हातारपणी पेन्शनच्या कागदावर डोळे ताणून बसलेल्या माणसाला तक्त्यातले सगळे आकडे बरोबर असूनही आपले पैसे आले की गेले हे कळत नाही, ही तक्रार मराठी घरांत सर्रास ऐकू येते, आणि ती त्या माणसाच्या आकलनाची तक्रार नव्हे.

हार पत्करण्याचे कारण नव्हते. मराठी पत्रलेखनाने रिकाम्या जागेचा प्रश्न काही शतकांपूर्वीच ओळखला होता आणि सोडवलाही होता. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर ‘मेस्तक’ म्हणून ओळखले जाणारे कारभाराचे आणि लेखनाचे नियम आहेत. शिवकालात आणि पेशवाईत चिटणीस, म्हणजे पत्रव्यवहाराचा अधिकारी, आपल्या हाताखालच्या कारकुनांकडून ठरलेल्या मायन्यांत बसवलेली असंख्य पत्रे रोज काढून घेत असे. मायना म्हणजे पत्राच्या आरंभीचा संबोधनाचा ठरीव मजकूर, आणि तो व्यक्तीनुसार न बदलता नात्यानुसार व पदानुसार बदलत असे : वडीलधाऱ्यास ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, बरोबरीच्या सरदारास ‘राजमान्य राजश्री’. पुढे घराघरांतल्या पत्रांत याच मजकुराची ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, अशी आद्याक्षरे उरली. या मायन्यांत एक खुबी अशी होती, की ‘राजश्री अमुक गोसावी यांसी’ असे लिहिताना प्रत्यय नावाला लागतच नसे. तो ‘यांसी’ या सर्वनामावर पडे आणि नाव, ते कोणतेही असो, अबाधित राही. आजचे ‘श्री. अमुक यांस’ किंवा ‘यांना’ हे त्याचेच सुधारित रूप आहे. ‘वाशी येथे’, ‘बेलापूर येथील’, ‘रुपये बारा हजार इतकी रक्कम’, ‘सदर अर्ज’ हे सर्व प्रयोग त्याच जातीचे : नाम, आकडा, ठिकाण जसेच्या तसे ठेवायचे आणि लिंग, वचन, विभक्ती यांचा भार शेजारच्या एका शब्दावर टाकायचा. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश आणि प्रशासन वाक्प्रयोग यांसारखी पुस्तके काढून या कारभारी मराठीला आधुनिक रूप दिले. तिला रुक्ष म्हणण्याची रूढी आहे, आणि ती पुष्कळदा रुक्ष आहेही. परंतु तिच्यातला ताठपणा सर्वस्वी निरुद्देश नाही. हे रूप रिकाम्या जागेभोवती घडत गेले आहे.

यातून नमुना लिहिणाऱ्यासाठी एक व्यवहार्य नियम हाती येतो. ज्या दोन-चार शब्दांच्या परिसरात चल येऊन बसणार आहे, तेवढ्या जागी ‘यांना’, ‘येथील’, ‘इतकी’ अशी आधार देणारी कारभारी मराठी वापरावी, आणि उरलेले सगळे पत्र बोलत्या, सरळ मराठीत लिहावे. ‘अमुक यांनी भरलेली रुपये बारा हजार इतकी रक्कम १० जूनला आमच्याकडे जमा झाली. पुढचा हप्ता सप्टेंबरमध्ये भरायचा आहे. तोपर्यंत तुम्हाला काही करावे लागणार नाही.’ यातले पहिले वाक्य रिकाम्या जागांना सांभाळण्यापुरते औपचारिक आहे आणि उरलेली दोन मोकळी आहेत. जेथे लिंग बदलणार तेथे एका वाक्यात तीन पर्याय तिरक्या रेघांनी कोंबण्याऐवजी अर्जासाठी, तक्रारीसाठी आणि निवेदनासाठी तीन पूर्ण वाक्ये लिहून अटीने त्यांतले एक निवडावे. तीन वाक्ये लिहायला थोडा अधिक वेळ लागतो, पण तो एकदाच लागतो. मराठीतले आदरार्थी अनेकवचन येथे मोठी मदत करते, कारण ‘आपण उपस्थित राहावे’ किंवा ‘तुम्ही अर्ज केला आहे’ यांत वाचणारा पुरुष आहे की स्त्री हे उघड होत नाही; लिंग प्रकट होते ते पाठवणाऱ्याचे, कारण पत्राच्या शेवटी ‘आपला विश्वासू’ छापलेले असते आणि त्याखाली सही एखाद्या महिला अधिकाऱ्याची असते. हा शब्द चल करावा किंवा सरळ काढून टाकावा. पदनाम आणि दूरध्वनी क्रमांक दिला की विश्वास त्यातून येतो.

संबोधनाबाबत मात्र परंपरेची उणीवही सांगितली पाहिजे. मायना पदाप्रमाणे बदलत असे, म्हणजे तो माणसाला त्याच्या पायरीवर उभा करत असे, आणि स्त्रीला तर सौभाग्याच्या पायरीवर. ‘सौ.’ की ‘श्रीमती’, हा भेद नमुन्यात आणण्यासाठी प्रणालीला बाईचा नवरा हयात आहे की नाही हे विचारावे लागते, आणि वीजबिल किंवा ठेवपावती पाठवणाऱ्याला हे विचारण्याचे काहीही प्रयोजन नाही. सर्वांना ‘श्री.’ आणि ‘श्रीमती’ एवढेच ठेवावे, आणि स्त्री की पुरुष हा तपशील ज्यांनी दिलेला नाही त्यांना फक्त पूर्ण नावापुढे ‘यांस’. दुसऱ्या टोकाला गेलेली चूक अलीकडची आहे : आडनाव आधी लिहिण्याच्या महाराष्ट्रातल्या पद्धतीची दखल न घेता पहिला शब्द उचलून ‘प्रिय’ पुढे जोडणे. त्यातून एक तर नुसते आडनाव छापले जाते, नाही तर सत्तरीच्या आजींना त्यांच्या माहेरच्या माणसांनीही आता एकेरी हाक मारणे सोडलेले असताना एखादी बँक नुसत्या नावाने हाक मारते.

गेल्या काही वर्षांत पत्राची जागा मोबाइलवरील लघुसंदेशाने घेतली आणि नमुना ही बाब कार्यालयाची अंतर्गत सोय न राहता कायद्याच्या कक्षेत आली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याला आपले नाव, संदेशाच्या वर दिसणारे शीर्षक आणि संदेशाचा नमुना या तिन्ही गोष्टींची आधी नोंदणी करावी लागते. नमुन्यात कोणता भाग चल आहे हे ठरावीक खुणेने दाखवावे लागते, आणि पाठवलेला संदेश नोंदलेल्या नमुन्याशी जुळला नाही तर तो वाटेतच अडवला जातो. ही जुळणी ८ मार्च २०२१ रोजी सक्तीने सुरू झाली तेव्हा बँकांचे एकवेळचे पासवर्डसुद्धा अडकले, आणि नियामकाला ती एक आठवडा स्थगित ठेवावी लागली. स्थिर भागातल्या एका विरामचिन्हालाही अधिकृत अस्तित्व असते, हे त्या दिवशी देशाला कळले.

मराठीला या माध्यमात आणखी एक दंड भरावा लागतो. रोमन लिपीतल्या एका लघुसंदेशात १६० चिन्हे मावतात, देवनागरीत ७०. आणि ही मोजणी वाचकाला दिसणाऱ्या अक्षरांची नसते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचकाला चार अक्षरांचे दिसते, पण व्यंजन, हलन्त, मात्रा असे प्रत्येक चिन्ह वेगळे मोजल्यामुळे यंत्राच्या हिशेबी ते दहा होते. संदेशाची किंमत भागांवर ठरत असल्यामुळे मराठी संदेश इंग्रजीपेक्षा महाग पडतो, आणि म्हणून अनेक संस्था मराठी ग्राहकाला इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या मराठीत लिहितात. बिगर-बँक वित्तसंस्थांनी कर्जदाराशी करायचा सर्व पत्रव्यवहार त्याच्या प्रादेशिक भाषेत किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत असावा, असे रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता सांगते. सत्तर चिन्हांच्या मर्यादेपुढे भाषेची ही अट सवलतीची बाब होऊ देणे योग्य नाही. देवनागरीत थोडक्यात लिहिण्याची कला अवगत करून घेणे हा त्यावरचा खरा उपाय आहे, आणि मराठीची क्रियापदे कर्ता गाळूनही अर्थ पोहोचवतात, हे तेथे उपयोगी पडते.

शीर्षकाची नोंदणी कशासाठी, याचे उत्तर २०२२ साली महाराष्ट्रात पसरलेल्या वीजबिलाच्या फसवणुकीत सापडते. मागील महिन्याचे बिल अद्ययावत झालेले नाही, आज रात्री वीज तोडली जाईल, अमुक क्रमांकावर अधिकाऱ्याशी बोला, अशा अर्थाचे संदेश लाखो ग्राहकांपैकी अनेकांना आले, आणि त्या क्रमांकावर बोललेल्या कित्येकांची बँक खाती रिकामी झाली. महावितरणला जाहीरपणे सांगावे लागले, की कंपनीचे अधिकृत संदेश एमएसईडीसीएल या शीर्षकासहच येतात आणि त्यांत कोणाही व्यक्तीचा मोबाइल क्रमांक दिलेला नसतो. भामट्यांनी उचलले होते ते महावितरणचे शब्द नव्हते, तर थकबाकीच्या नोटिशीची ओळखीची चाल. आणि ती चाल उचलता आली, कारण खऱ्या नोटिसाही तशाच धाकाच्या स्वरात लिहिल्या जात होत्या. शिवकालीन पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मर्यादामुद्रा उमटे, म्हणजे पत्र येथे संपले आणि याखाली कोणी काही वाढवले तर ते अधिकृत नव्हे. पत्राच्या आरंभी मायना आणि अंती मुद्रा, यांमधला मजकूर तेवढा राज्याचा. आजच्या नमुन्यातही ग्राहकाला शिकवता येईल अशी एक न बदलणारी खूण हवी, आणि तिच्याइतकाच महत्त्वाचा आहे स्वर : जी संस्था आपल्या खऱ्या संदेशांतून कधीही घाई करायला लावत नाही, तिच्या नावाने आलेला घाईचा संदेश ग्राहक स्वतःच ओळखतो.

नमुन्याची खरी परीक्षा नकाराच्या पत्रात होते. ‘आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’ या वाक्यात नकार देणारा कोणीच नाही. मराठीचा हा अकर्तृक प्रयोग नमुना लिहिणाऱ्याला फार सोयीचा, कारण त्यात अधिकाऱ्याचे नाव, लिंग, पद काहीच लागत नाही. पण त्याच सोयीत जबाबदारीही विरून जाते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याने येथे चांगला पायंडा घातला आहे : माहिती नाकारताना कारण, अपील करण्याची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील, या तीन गोष्टी अर्जदाराला कळवणे कलम ७(८) प्रमाणे बंधनकारक आहे. म्हणजे कायद्यानेच नकारपत्राच्या नमुन्यात तीन जागा भरल्याशिवाय पत्र निघू नये अशी अट घातली. खासगी बँका, विमा कंपन्या, गृहनिर्माण संस्था यांच्यावर हे कलम लागू नाही, पण तीच अट त्यांनी आपल्या नमुन्यात स्वतःहून घालायला कोणाची हरकत असणार नाही. छापील नमुन्यातल्या कोऱ्या जागा भरून दिलेले आदेश न्यायालयांनी विचार न करता दिलेले म्हणून वेळोवेळी फेटाळले आहेत; तेथे आक्षेप नमुन्याला नव्हता, कारणाच्या जागीही छापील मजकूरच होता, याला होता.

कर्ज थकल्यावर घराचा ताबा घेणाऱ्या बँकेची नोटीस मात्र कायद्याने ठरवून दिलेल्या नमुन्यात निघते. २००२ च्या नियमांनुसार ती दोन प्रमुख वृत्तपत्रांत, त्यांतल्या एका प्रादेशिक भाषेच्या वृत्तपत्रात, प्रसिद्ध करावी लागते, आणि म्हणून नवी मुंबई, पनवेल, कल्याण येथील घरांच्या अशा नोटिसा मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत छापल्या जातात. ‘ज्याअर्थी निम्नस्वाक्षरीकार’ अशी सुरुवात असलेले ते एकच लांब वाक्य सगळ्या बँकांचे सारखे असते. त्या वाक्याची रचना बदलणे कोणा एका बँकेच्या हाती नाही, हे खरे. पण त्या नोटिशीच्या कितीतरी आधी त्याच घरी गेलेली दहा स्मरणपत्रे बँकेच्याच हाती होती. कर्जदाराशी कोणी बोलेल, हप्ता कमी करून मिळेल का, कोणाकडे जायचे, हे त्या दहांपैकी एकातही स्पष्ट मराठीत नसेल, तर अकरावे पत्र कायद्याच्या भाषेत आले याचा दोष कायद्याकडे जात नाही. आणि ज्या खातेदाराच्या मृत्यूची नोंद शाखेत झाली आहे त्याच्या नावाने थकबाकीचे किंवा वाढदिवसाचे पत्र निघणे, हे तर केवळ एक अट लिहायची राहून गेल्यामुळे घडते. मृत्यूची नोंद झाली, की त्या खात्याची सर्व आपोआप जाणारी पत्रे थांबावीत आणि पुढचे पत्र एका माणसाने लिहून दुसऱ्या माणसाने वाचून पाठवावे, ही तरतूद प्रत्येक प्रणालीत सर्वांत आधी व्हायला हवी. ‘मयत’ हा शब्द नोंदवहीत राहू द्यावा. घरच्यांना लिहिताना नाव घेऊन ‘यांच्या निधनानंतर’ असे लिहिण्याला कोणतीही तांत्रिक अडचण नाही.

जुन्या मराठी पत्रात ‘येथील कुशल जाणून आपले कुशल लिहीत जावे’ अशा अर्थाचे एक वाक्य जवळजवळ नेहमी असे. ते ठरीव होते, नमुन्यातलेच होते, आणि तरीही ते उत्तराची वाट मोकळी ठेवत असे. आजच्या आपोआप निघणाऱ्या पत्राच्या तळाशी बहुधा याउलट सूचना असते : हा संदेश यंत्राने पाठवला आहे, कृपया उत्तर देऊ नये. ही ओळ स्थिर भागात ठेवणे सोपे पडते, कारण मग आलेले उत्तर कोणाच्या टेबलावर जाणार हे ठरवावे लागत नाही. त्या ओळीऐवजी पत्राचा जावक क्रमांक, विभागाचे नाव आणि उत्तर स्वीकारणारा पत्ता छापला, आलेल्या उत्तराला त्याच क्रमांकाखाली आवक नोंद मिळाली आणि ठरलेल्या दिवसांत ते वाचणारे एक पद नेमले गेले, तर इरादापत्राच्या तारखेबद्दल शंका असलेल्या खारघरच्या अर्जदाराला बेलापूरला सिडकोच्या कार्यालयात हेलपाटा घालावा लागणार नाही, आणि मसुदाकारालाही आपल्या कोणत्या वाक्यावर लोक सर्वाधिक अडतात हे त्या उत्तरांतून दर महिन्याला कळत राहील.